हरिपुऱ्याचा राहिलेला ठराव : गुजरातच्या शिक्षणमंत्र्यांना बारडोलीहून खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर



शाळेत तंत्रज्ञान शिकवणारा शिक्षक व्हायचे असेल तर पदवीनंतर नेमके काय शिकायचे? या साध्या प्रश्नाला आज आपल्या राज्यात सरळ उत्तर नाही. शेजारच्या महाराष्ट्रातही नाही. म्हणून हे पत्र.

पत्र मराठीत आहे याचे आपल्याला नवल वाटू नये. सुरत महापालिकेच्या शाळांत गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगूबरोबर मराठी माध्यमाचेही वर्ग भरतात. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून अहिराणी ऐकू येते. दिवाळीच्या आगेमागे नंदुरबार-धुळ्याकडच्या ऊसतोड टोळ्या बारडोलीच्या फडांत उतरतात, त्यांना तर इकडे ‘कोयता’ याच नावाने मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसे. या घरांतली पुढची पिढी आता बीसीए, बी.एस्सी. आयटी होऊ लागली आहे. बारडोलीत गणित-विज्ञान शिकवण्यात माझी नोकरी सरली, त्यामुळे अशी मुले-मुली अजूनही सल्ल्याला येतात. पूर्वी विचारायची, आयटीआयला कुठला ट्रेड घेऊ. आता विचारतात, ‘सर, मला शाळेत कॉम्प्युटर शिकवायचाय. पुढे काय करू?’

काय सांगावे?

बी.एड. कर म्हणावे, तर पहिली अडचण प्रवेशाची. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, 2014च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले. प्रवेशाच्या कलमात विज्ञान, समाजशास्त्रे, मानव्यविद्या यांच्या पदव्या आहेत आणि विज्ञान-गणिताचे विशेष शिक्षण असलेली अभियांत्रिकी पदवीही आहे. बीसीएचे नाव तिथे नाही. ‘किंवा समकक्ष’ या शेपटाला धरून एखादे विद्यापीठ आत घेते, दुसरे घेत नाही. प्रवेश मिळालाच, तर दोन वर्षांत आयसीटी, म्हणजे माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान, म्हणून जे पुढ्यात येते तो एक लहानसा पेपर असतो आणि तो सर्व छात्राध्यापकांना सारखाच. इतिहासवाल्याने स्लाइड कशा कराव्यात, भाषेच्या शिक्षिकेने व्हिडिओ कसा दाखवावा, हे त्यात येते आणि ते उपयोगाचेही आहे. पण तंत्रज्ञान वापरून शिकवणे वेगळे आणि तंत्रज्ञान शिकवणे वेगळे. काही विद्यापीठांत संगणक ही अध्यापन पद्धती म्हणून निवडता येते, हे मला माहीत आहे. मात्र बी.एड.चा खरा कस 20 आठवड्यांच्या शाळेतल्या कामात लागतो. त्या शाळेत या विषयाचा मुरलेला शिक्षकच नसेल तर नवख्याचा पाठ बघणार कोण, आणि कुठे चुकले ते सांगणार कोण?

एमसीए किंवा एम.एस्सी. कर म्हणावे, तर ती वाट केंद्रीय विद्यालयासारख्या ठिकाणी अकरावी-बारावीच्या शिक्षकपदापर्यंत जाते. खालच्या वर्गांना तिथेही संगणक शिकवणारी माणसे बहुधा वर्षापुरत्या करारावरच असतात. एम.एड. कर म्हणावे, तर ते शिक्षकांचे शिक्षक घडवते. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा मुंबईतला शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग आहे, आयआयटी मुंबईत याच विषयात पीएच.डी. करता येते. दोन्हीकडे काम चांगले होते, पण शाळेतली कायम नोकरी देणारी पात्रता म्हणून त्या पदव्यांकडे कुणी पाहत नाही. तिथून बाहेर पडलेल्यांना ई-लर्निंग कंपन्या जास्त लवकर ओळखतात. म्हणजे शिकायला जागा आहेत, पण शाळेच्या फाटकापाशी येऊन थांबणारी वाट एकही नाही.

तरीही आपल्याकडे तास होतात. कसे होतात तेही लिहितो. वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रक लागते. ज्याचे तास कमी पडतात त्याच्या माथी संगणक येतो. तो माणूस सज्जन असतो. त्याने सीसीसीची, म्हणजे संगणकाच्या प्राथमिक ज्ञानाची, परीक्षा दिलेली असते, कारण तिच्याविना सरकारी नोकरीत वरची वेतनश्रेणी मिळत नाही. महाराष्ट्रात हेच काम एमएस-सीआयटी करते. त्या प्रमाणपत्रावर पत्र टाइप करता येते, तक्ता करता येतो. मग वर्गातही तेच शिकवले जाते. फॉन्ट जाड कसा करायचा, कॉपी-पेस्ट कसे करायचे. मुलांना हे मोबाइलवर आधीच येत असते. तास संपला की खोलीला कुलूप, कारण एखादा माऊस हरवला तर भरून द्यावा लागतो.

आणि अशा वेळी ऑक्टोबर 2025मध्ये केंद्राने जाहीर केले की 2026-27पासून तिसरीपासूनच्या वर्गांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार आणायचा. त्याआधी फेब्रुवारी 2025च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत 50 हजार अटल टिंकरिंग लॅब सांगितल्या गेल्या. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहेच. आपल्या राज्यात 2017पासून ज्ञानकुंज योजनेचे प्रोजेक्टर आणि परस्परसंवादी फळे आले. यंत्रांच्या बाबतीत आपण मागे नाही, उलट पुढेच आहोत. प्रश्न एवढाच, की या सगळ्यासमोर उभे राहायला जो माणूस लागतो त्याचे शिक्षण कुठे होते आणि त्याचे पद कुठे आहे.

‘त्यात शिकायचे काय? एमसीए झालेला कुणीही शिकवेल,’ असे आपले अधिकारी म्हणतील. शिक्षणखात्यातल्या बैठकांत हे वाक्य मी फार ऐकले आहे, म्हणून त्याच्यावर थोडा थांबतो.

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच आठवड्यात एक ओळ येते : ‘अ = अ + 1’. सातवीत समीकरणे शिकलेले हुशार मूल ही ओळ पाहून म्हणते, हे चूक आहे. त्याचे बरोबरच आहे. गणितात कुठलीच संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी नसते. एमसीएवाला म्हणतो, ‘इथे असंच असतं, लिहून घे.’ त्या क्षणी वर्गातले सगळ्यात विचार करणारे मूल विषयातून बाहेर पडते. मग कुणीतरी सांगते की ‘अ’ ही एक पेटी समज. मूल ते ऐकते आणि पेटीत आधीचा 5 असताना 6 टाकला तर दोन्ही आत राहतील असे धरून चालते. पेटीत दोन वस्तू मावतातच ना! मूल इथे ठेचकाळणार हे ज्याला आधीच माहीत असते तो शिक्षक. ज्याला माहीत नसते तो जाणकार असेल, पण शिक्षक नाही.

1986 साली ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने हे नेटके मांडले. विषयाचे ज्ञान एक, शिकवण्याचे सर्वसाधारण कौशल्य दुसरे, आणि या विषयात मुले कुठे अडतात व कशाने सुटतात याचे ज्ञान तिसरे. हे तिसरे ज्ञान पहिल्या दोहोंची बेरीज करून मिळत नाही. त्याच वर्षी रॉय पी यांनी प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांच्या चुका तपासल्या. त्यांना दिसले की बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समज आहे : यंत्राच्या आत कुणीतरी बसले आहे आणि मला काय म्हणायचे ते त्याला आपसूक कळते. त्या काळी यंत्र मुक्याने चूक दाखवायचे, तरी मुलांना असे वाटायचे. आज ते गुजरातीत आणि मराठीत उत्तर देते. तिसरीतल्या मुलाला आत कुणी नाही हे कसे समजवायचे, हा 2026 सालातला सर्वांत अवघड पाठ आहे. तो ज्याचे तास कमी पडतात त्याच्यावर सोपवायचा का?

आता थोडा इतिहास, कारण तो बारडोलीच्या अंगणातला आहे.

ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. तिच्यात विनोबा होते, कुमारप्पा होते, किशोरलाल मश्रूवाला होते, आणि साताऱ्यात जन्मलेले, गांधीजींनी ज्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले ते काका कालेलकरही होते. समितीचा विचार पुढच्याच फेब्रुवारीत काँग्रेसच्या अधिवेशनापुढे आला. ते अधिवेशन कुठे भरले? कडोदजवळ, तापीकाठच्या हरिपुऱ्यात. हरिपुऱ्याचे नाव निघाले की सुभाषबाबूंचे अध्यक्षपद आठवते, नंदलाल बोस यांची चित्रे आठवतात. तिथे झालेला राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव मात्र सहसा कुणाला आठवत नाही. सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि सगळे शिक्षण हाताने करायच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेले. मराठी मुलखात मांडलेल्या विचाराला संमती मिळाली ती आपल्या जिल्ह्यात. हेच बुनियादी शिक्षण. आजच्या भाषेत त्याला तंत्रज्ञान शिक्षणच म्हणावे लागेल. त्या वेळचे यंत्र चरखा होते, एवढाच फरक.

पुढे काय झाले? चरखे आणि तकल्या शाळांत पोचल्या. समितीने शिक्षकांच्या तयारीसाठी लांब पल्ल्याचा अभ्यासक्रम सुचवला होता, कारण कातता येणे आणि कातण्यातून गणित, भूगोल, अर्थशास्त्र शिकवता येणे यांत किती अंतर आहे ते त्या मंडळींना पुरते ठाऊक होते. बहुतेक प्रांतांत घाई झाली. ज्याला कातता येत होते त्याला शिकवता येत नव्हते आणि ज्याला शिकवता येत होते त्याला कातणे कमीपणाचे वाटत होते. बुनियादी शिक्षण बुडाले त्याची आणखीही कारणे आहेत, पालकांना पोर साहेब झालेले हवे होते हे त्यांतले मोठे. पण माझ्या मते पहिले कारण शिक्षकच.

जिथे शिक्षक घडले तिथे ते तगले, हेही आपल्याच भागात दिसते. जुगतराम दवे यांनी वेडछीला आयुष्य काढले. आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा उभ्या केल्या आणि त्या शाळांसाठी माणसे तिथेच तयार केली. आपल्या राज्यात अजून उत्तर बुनियादी शाळा आहेत, त्यांत उद्योग हा विषय आहे आणि तो शिकवणारा शिक्षकही आहे. महाराष्ट्राने ही ओळख केव्हाच पुसली. गुजरातने ती राखली, याचे श्रेय आपल्या राज्याला द्यायला हवे.

दुसरा प्रयत्न स्वातंत्र्यानंतरचा. मुदलियार आयोगाने 1953च्या अहवालात बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. त्या शाळांत तंत्र, शेती, वाणिज्य शिकवायला माणसे हवीत म्हणून 1963च्या सुमारास एनसीईआरटीने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली. तिथे चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम होते आणि त्यांत तंत्रज्ञानाचा शिक्षक घडवणारा अभ्यासक्रमही होता. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही भोपाळच्या क्षेत्रात येतात. पुढे बहुउद्देशीय शाळाच मागे पडल्या आणि हा अभ्यासक्रमही बंद झाला. आज एनसीटीई चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची नव्याने मांडणी करते आहे. हेच काम आपण साठ वर्षांपूर्वी सुरू करून गुंडाळले होते, हे त्या मांडणीच्या कागदांत कुठे दिसत नाही.

तिसरा प्रयत्न सगळ्यांत दुःखद, आणि तो शेजारचा आहे. केंद्राच्या आयसीटी योजनेतून महाराष्ट्रात तीन टप्प्यांत 500, 2,500 आणि 5,000 अशा शाळांना संगणक कक्ष मिळाले. काम कंपन्यांना ठरावीक वर्षांच्या करारावर दिले होते. यंत्रांबरोबर संगणक शिक्षकही त्याच करारात आले. हजारो तरुण-तरुणींनी अल्प मानधनावर शिकवले. करार संपला, यंत्रे शाळेची झाली. शिक्षक कुणाचेच झाले नाहीत. वर्षानुवर्षे त्यांनी मोर्चे काढले. यंत्र शाळेच्या नावावर चढवायला कागद होता, शिकवणाऱ्याला चढवायला नव्हता.

महोदय, आपल्या ज्ञान सहायक योजनेत शिक्षकांशी 11 महिन्यांचा करार आहे. तंत्रज्ञान शिक्षकही त्याच रांगेत उभा राहिला तर महाराष्ट्राची ही गोष्ट इथे पुन्हा घडेल, यात मला शंका नाही.

मराठी मुलखातला एक प्रयोग मात्र आपण जरूर पाहावा, कारण तो टिकला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधक. 1983 साली ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जाऊन राहिले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस कामाचा : वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, माती परीक्षण, जनावरांची देखभाल, स्वयंपाकातले रसायनशास्त्र. महाराष्ट्राच्या शालान्त मंडळाने 1980च्या दशकातच याला विषय म्हणून मान्यता दिली. मुलांनी केलेली कामे खरी असत. गावातल्या कुणाचे तरी फाटक, कुणाची तरी पाण्याची टाकी. काम बिघडले तर गाव सांगायला येई, त्यामुळे परीक्षकाची गरज कमी पडे. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब याच पाबळमध्ये निघाली. कलबाग 2003 साली गेले, आश्रमाचे काम चालू आहे.

पाबळमधून मला घ्यावीशी वाटते ती गोष्ट शिक्षकाची. तिथले निदेशक गावातले, हाताने काम येणारे. त्यांना शिकवायचे कसे ते आश्रमाने शिकवले. त्यांची मर्यादाही तिथेच होती. बी.एड. नाही म्हणून शाळेच्या मस्टरवर ते कधी बरोबरीने आले नाहीत. एक शिक्षक आणि एक निदेशक अशी उतरंड राहिली आणि मुलांना ती बरोबर कळते. माझी मागणी त्या उतरंडीच्या विरुद्धच आहे.

मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मधल्या वर्गांतल्या मुलांना रचना आणि तंत्रज्ञान कसे शिकवावे यावर बारीक काम केले. पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्या, एवढेच तीन विषय. शहरी इंग्रजी माध्यम, शहरी मराठी माध्यम आणि ग्रामीण मराठी माध्यम अशा वेगवेगळ्या वर्गांत ते करून पाहिले. मूल आधी चित्र काढते, मापे लिहिते, मग बनवते, मग चित्र आणि वस्तू यांत काय फरक पडला ते सांगते. या कामावर पीएच.डी. झाल्या. पण असा वर्ग चालवायला शिकवणारा शिक्षकांचा अभ्यासक्रम मात्र सर्वसाधारण बी.एड.पर्यंत पोचला नाही. संशोधन झाले, शाळाही आहेत, मधला माणूस तेवढा नाही.

परदेशाचे एकच उदाहरण देतो. 2012 साली इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने अहवाल दिला की शाळांतला आयसीटी विषय कंटाळवाणा झाला आहे, ऑफिसचे सॉफ्टवेअर शिकवण्यापलीकडे जात नाही. 2014पासून त्यांनी विषय बदलून कॉम्प्युटिंग केले. लगेच लक्षात आले की शिक्षक नाहीत. मग पदवीधरांनी या विषयाचे अध्यापन शिकावे म्हणून सरकारने विद्यावेतने दिली आणि शिकवत असलेल्यांसाठी राष्ट्रीय केंद्र काढले. अजूनही त्यांची तूट भरलेली नाही. श्रीमंत देशाला दहा वर्षे पुरली नाहीत, हे लक्षात घेऊन आपण तारखा जाहीर कराव्यात.

आता बारडोलीबद्दल. विनंती अशी की तंत्रज्ञान शिक्षकासाठी पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम या भागात सुरू करावा. बी.एड.च्या तोडीचा, एनसीटीईची मान्यता असलेला, बीसीए-बी.एस्सी. आयटी-अभियांत्रिकी अशा सर्वांना नावानिशी खुला, आणि आयटीआय करून पुढे पदवी घेतलेल्यांना राखीव जागा असलेला. सुरतेचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आहे, महुवा रस्त्यावर तारसाडीला उका तारसाडिया विद्यापीठ आहे, वेडछीला गांधी विद्यापीठ आहे. तिन्ही एका दिवसात पाहून होतील. आणि बाबेनला साखर कारखाना आहे.

कारखान्याचे नाव मी गंमत म्हणून घेतलेले नाही. पावसाळ्यात गाळप बंद असते, तेव्हा सगळी यंत्रे उघडतात. मिल, बॉयलर, टर्बाइन, नियंत्रणाच्या पेट्या. तंत्रज्ञान शिक्षक होऊ पाहणाऱ्याने त्यातले दोन महिने तिथल्या फिटरच्या हाताखाली काढले तर पुस्तकातल्या सेन्सरला अर्थ येईल. हाताला ग्रीस लागू दे, मग मुलांना रोबोटिक्स शिकवू दे.

दुसरे, वजनकाटा. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढते, भरल्याचे वजन घेतले जाते, रिकामी झाल्यावर पुन्हा घेतले जाते, वजाबाकी होते, पावती निघते. सहावीच्या मुलाला संगणकीय विचार शिकवायला यापेक्षा चांगला धडा माझ्या माहितीत नाही. आत काय जाते, काय साठवले जाते, कुठला नियम लागतो, बाहेर काय येते, आणि मधे कुणी आकडा बदलला तर कसे ओळखायचे. आठवीला तेच आकडे तक्त्यात घ्यावेत, सरासरी काढावी, कुठली गाडी विचित्र दिसते ते शोधावे. नववीला हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने रसाचा ब्रिक्स मोजून तोडणीचा दिवस आणि गोडी यांचा आलेख काढावा. कृत्रिम बुद्धिमत्ता शेवटी आकड्यांतून नमुना शोधण्याचेच काम करते. हे ज्याने हाताने केले त्याला ती जादू वाटणार नाही.

आणि कोयत्याच्या पोराला हा धडा आणखी एका कारणाने हवा. त्याच्या आईबापाची मजुरी टनावर ठरते. टन कसा मोजला जातो आणि हिशेब कुठे लिहिला जातो, ही माहिती त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोचलेली नाही. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने बारडोलीच्या या तोडणी मजुरांवर बरेच लिहिले. आपल्या ग्रंथालयांत ते मिळेल. हंगामी वसतिगृहांत आणि तंबूशाळांत ही मुले सहा महिने असतात. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक छात्राध्यापकाने 20 आठवड्यांपैकी काही आठवडे तिथे काढलेच पाहिजेत, असा नियम करावा. मराठी-अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ‘लूप’ कसा समजवायचा हे तिथे शिकल्यावर दुसऱ्या कुठल्याही वर्गात अडायचे नाही.

खर्चाचा आक्षेप येईल. नव्या लॅबना 20 लाखांपर्यंत अनुदान मिळते, तेव्हा तो आक्षेप कुणी घेत नाही. शिक्षकाचे नाव काढले की येतो. एका लॅबला लागणारा पैसा मोजून तितक्यात किती छात्राध्यापकांना दोन वर्षे विद्यावेतन देता येईल, हा हिशेब आपल्या खात्याने करून जाहीर करावा. मुख्य म्हणजे विद्यावेतन हवेच. सुरतेत कंपनी बीसीएला पगार देते, आणि खानदेशातून आलेल्या घराला घरी येणारा पैसा दोन वर्षे थांबलेला परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा की तंत्र रोज बदलते, अभ्यासक्रम जुना होईल. होऊ दे. भाषा बदलतील, यंत्रे बदलतील. मूल कुठे अडते ते फारसे बदलत नाही. शिवाय पदवीधर शिक्षकाला दर तीन वर्षांनी महिनाभर परत बोलावता येते, सीसीसीच्या परीक्षेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तिसरा आक्षेप आजकाल तरुण अधिकारीच घेतात : यंत्रच शिकवेल, शिक्षक कशाला? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आणले, 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. कोड सगळ्यांना दिसला. आधी गावात घरोघर जाऊन पोरींना शाळेत आणावे लागले होते, ते कमी जणांना दिसले. आणि डिसले हे सगळे स्वतःच्या हिमतीवर शिकले. अशा माणसावर योजना बांधता येत नाही. तो एखादाच असतो, आणि आपल्याला हवे आहेत हजारो साधे, नीट शिकलेले शिक्षक.

शेवटी मुद्दा पदाचा, आणि हे पत्र खरे त्यासाठीच आहे. शिक्षण हक्क कायदा 2009च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांचे शिक्षक सांगितले आहेत. कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अर्धवेळ निदेशक, तेही शाळेत 100पेक्षा जास्त मुले असतील तर. तंत्रज्ञान या यादीत कुठेच नाही. म्हणून उद्या विद्यापीठाने उत्तम अभ्यासक्रम काढला तरी पहिली तुकडी बाहेर पडून बेकार बसेल आणि तिसऱ्या वर्षी प्रवेश थांबतील. भोपाळला जे झाले तेच इथे होईल.

म्हणून क्रम उलटा करू नये. आधी राज्याच्या भरती नियमांत सहावी ते दहावीसाठी तंत्रज्ञान शिक्षकाचे कायम, पूर्णवेळ पद निर्माण करावे; सुरुवातीला प्रत्येक क्लस्टरला एक असले तरी चालेल, तो चार शाळांत फिरेल. मग त्या पदाची पात्रता म्हणून हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम लावावा. मग जागा भराव्यात. हा आदेश काढायला केंद्राची वाट पाहावी लागत नाही, कारण कायद्याने किमान काय ते सांगितले आहे, जास्त द्यायला राज्याला मनाई केलेली नाही. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात निदान सुरत आणि तापी या दोन जिल्ह्यांपुरती ही पदे मंजूर करावीत, ही विनंती.

आपला नम्र,
बारडोलीचा एक निवृत्त शिक्षक